जोडलेलं नाव

दि. ९ मार्च, सोमवार

चि. धाकट्या,

आशीर्वाद. साठी उलटलेल्या माणसाला चिरंजीव लिहायचं का, यातच अर्धा तास गेला. दुसरं काही सुचेना. मी बरा आहे. खोकला आहे, पण तो जुनाच. तुझा गुडघा कसा आहे? दुसऱ्या मजल्यावर राहतोस, जिना झेपतो का?

पत्ता कुठून मिळाला म्हणशील. सांगतो. घाबरू नकोस, कोणी गेलेलं नाही.

मी राहतो ती खोली मालकाला लेकीसाठी हवी आहे. महिनाअखेर सोडायची. म्हणून भाड्याची घरं दाखवणाऱ्या एजंटकडे गेलो. तिथे टेबलाशी एक पोरगी बसते. मनाने चांगली, पण बोलणं असं की मागे कोणी लागलंय. तिने तळमजल्यावरची एक खोली दाखवली. खिडकी मोठी, नळाला पाणी जोरात. मला पसंत पडली. मग म्हणाली, "आजोबा, आधी तपासणी. तिची फी वेगळी."

"कसली? खोकल्याची?"

"नाही हो. पैशाच्या बाबतीत तुम्ही कसे आहात, त्याची."

"मग मलाच विचार की. मी सांगतो."

"तुम्ही चांगलंच सांगणार! आणि खोली मिळाली नाही तरी फी परत मिळत नाही, हं."

फी भरली, पण तीन दिवस अन्न गोड लागलं नाही. माझी कुंडली काढणारा हा कोण? कुठे बसतो? त्याला माझं काय माहीत? एकदा लाइटचं बिल आठ दिवस उशिरा भरलं होतं, ते आठवून घाम फुटला. पण खरं सांगू, बघायची उत्सुकताही होती. माझ्याबद्दल कोणी काही लिहून ठेवलं असेल, असं आजवर वाटलं नव्हतं.

चौथ्या दिवशी ती म्हणाली, "तुमचं पान कोरं आहे, आजोबा. कर्ज नाही, काही नाही. पण तुम्हाला एक नाव जोडलेलं आहे, आणि ते नाव खराब आहे."

"कुणाचं?"

तिने स्क्रीन माझ्याकडे वळवला. तुझं नाव. वडिलांच्या नावासकट, पूर्ण.

आपल्या वर्कशॉपचं बँकेतलं ते दोघांच्या नावाचं खातं बंद करायचं राहूनच गेलं होतं. तू म्हणालास मी केलं असेल, मी म्हणालो तू केलं असशील. म्हणजे मनातच म्हणालो, बोलत कुठे होतो आपण? नातेवाईक आपल्याला एका खोलीत बसवत नाहीत, आणि ते मशीन म्हणतं, हे दोघं एक. मला जरा बरंच वाटलं.

तेवढ्यात तिला फोन आला. मी वाचायला हळू, पण फोन लांबला. नावाखाली तुझे पत्ते होते. नऊ वर्षांत चार. शेवटचा मी फीच्या पावतीमागे उतरवून घेतला.

चार घरं का रे बदललीस? मला एकदाच फी भरावी लागली. तू किती ठिकाणी भरलीस? किती जणांनी फी घेऊन नाही म्हटलं? त्यांना काय सांगायचास? लेथचं सांगायचास का?

विषय निघालाच. लेथ मशीनचं कर्ज तुझ्या एकट्याच्या नावावर काढलं, कारण मी म्हणालो, बँक माझ्या वयाला कर्ज देत नाही. बँकेने माझं वय विचारलंच नव्हतं. मी भ्यायलो होतो. पुढे कामं आटली तेव्हा "तुझं तू बघ" म्हणून मी बाहेर पडलो, आणि बँकेने लेथ उचलून नेला तेव्हा तू एकटा दारात उभा होतास. माझं पान कोरं राहिलं ते असं.

पोरगी म्हणाली, उपाय सोपा आहे. एक फॉर्म असतो. या व्यक्तीशी माझा संबंध नाही, असं लिहून द्यायचं.

"सख्ख्या भावाशी संबंध नाही?"

"पैशाचा, आजोबा. भाऊ ठेवा तुमचा तुमच्याकडे."

कारणासाठी दोन ओळी होत्या. मी लिहिलं, "कर्ज दोघांसाठी होतं. सही त्याची एकट्याची." तिने वाचलं, माझ्याकडे पाहिलं आणि हळूच म्हणाली, "असं लिहिलंत तर खोली गेली. नुसतं 'धंदा बंद' लिहा." दुसरा फॉर्म दिला.

मी "धंदा बंद" लिहिलं. सहीही केली. हे तुला सुरुवातीलाच सांगायला हवं होतं, पण मग तू पुढचं वाचलं नसतंस. चावी परवा मिळाली. म्हणजे दुसऱ्यांदा तेच केलं मी.

चावी घेताना मी तिला विचारलं, "पाहुणा आला तर चालतो का?"

"चौदा दिवस. पुढे राहिला तर त्याचीही तपासणी, त्याचीही फी."

"आणि पंधराव्या दिवशी जाऊन परत आला तर?"

ती बराच वेळ कागद चाळत राहिली. मग म्हणाली, "असं आजवर कोणी विचारलं नाही."

तर चौदा दिवस ये. जिना नाही. खाट एकच आहे, ती तुझी. मला जमिनीवर झोप लागते. आलास की आपण दोघं बँकेत जाऊ. लेथचं खरं काय ते मी तिथे लिहून देईन. त्याने तुझं नाव सुधारतं की माझं बिघडतं, ते मला कळत नाही. खोली जाईल का, हेही विचारलेलं नाही. विचारलं असतं, तर पुन्हा भ्यायलो असतो.

सही चुकवलेला,
तुझा दादा