चावीचा ठोकळा

३ जून
डोकं फिरलंय नुसतं! फौजदाराने — आमचा शिलाईखात्याचा मॅनेजर, मिशांवरून आम्हीच ठेवलेलं नाव — आजपासून बायकांच्या बाथरूमला कुलूप लावलं. चावी त्याच्या टेबलावर, वीतभर लाकडी ठोकळ्याला बांधलेली. हवी तर सगळ्यांसमोर मागायची. तो मान वर न करता विचारतो, "आत्ताच जाऊन आलीस ना?" की बायका निमूट परत मशीनवर. मेल्याला लाज कशी वाटत नाही!

५ जून
शेजारच्या मशीनवर शर्टांची काजं करते ती पोरगी — काजवालीच म्हणतो तिला — दिवसभर पाण्याचा थेंब घेत नाही. सहावा महिना चाललाय. डॉक्टरीणबाईंनी बजावलंय, भरपूर पाणी पी, नाहीतर बाळाला त्रास होईल. "पण ताई, प्यायलं की चावी मागावी लागते." बाटली सकाळी भरून आणते, संध्याकाळी तशीच घरी नेते.

घरी सांगितलं तर हे म्हणाले, "तू कशाला मध्ये पडतेस? तोंड आवर." आवरतेच आहे की! इतकी वर्षं दुसरं काय केलं?

६ जून
नाही आवरलं.

काजवाली चावी मागायला गेली तर फौजदार म्हणाला, "एवढं होतंय तर घरी बसावं." झालं, माझी कॉलर सुईखाली तशीच राहिली. उठले. म्हटलं, "साहेब, तुमच्या घरी पण असंच कुलूप असतं का?" आणि तो हसला. हसला! ठोकळा माझ्यापुढे आपटला — "एवढा कळवळा आहे ना? तूच सांभाळ. माल कमी निघाला तर तुला विचारीन."

७ जून
चावी सरळ दाराशेजारी खिळ्याला अडकवली. जिला हवं तिने जावं! काजवालीची बाटली दुपारीच रिकामी. पोरी खिदळत होत्या. आज डबा गोड लागला.

१० जून
माल कमी. सगळ्यांदेखत माझी खरडपट्टी. "असंच चाललं तर तू घरी." यांचं काम सुटलेलं, मी पण घरी बसले तर खायचं काय? आणि या बयांना काही आहे का त्याचं? आत उभ्या राहून गप्पा हाणतात! माझ्या जिवावर! चावी माझ्या टेबलावर आणली. नुसतं लक्ष राहावं म्हणून.

१२ जून
पुन्हा बोलणी खाल्ली. फौजदाराचं बरंय, फुकटचा पहारेकरी मिळाला.

१३ जून
काजवाली चावी मागायला आली. मी कॉलरी मोजत होते. मान वर न करता म्हटलं, "आत्ताच जाऊन आलीस ना?"

"राहू दे, मॅडम."

सुटताना तिची बाटली बघितली. भरलेली.