तिसऱ्या दिवसाचा नियम

प्रिय अर्पिता,

पत्र पाहून दचकू नकोस, घरी सगळं ठीक आहे. फोन लावतो आणि पहिली रिंग व्हायच्या आत बंद करतो, म्हणून लिहितोय. मी आधी कच्चं लिहितो, मग पक्कं, हे तुला माहीत आहे. आज थेट पक्कंच लिहितोय. खाडाखोड दिसेल.

गेल्या महिन्यात आपल्या केदारखेड्यात धर्मराजला मोटर विकली. त्याच्या विहिरीला पाणी लागलं त्या दिवशी नुसता नारळ घेऊन गेलो, मोटरचं नावसुद्धा काढलं नाही. पहिल्या दिवशी विकायला गेलं की माणूस हावरट दिसतो. पाचव्या दिवशी जावं तर भोकरदनच्या दुकानदाराचे पाइप उतरलेले असतात. तिसरा दिवस बराबर. तोवर विहिरीची खोली, पाण्याची पातळी, विजेच्या खांबापासूनचं अंतर, सगळं माझ्या वहीत असतं. धर्मराज म्हणाला, "आण्णा, माझ्या हिरीचं तुमाला माझ्याहून जास्त ठावं." नववी नापास माणूस मी. हे मला कुणी शिकवलं नाही. तुला मात्र मी शिकवलं, टेपचं दुसरं टोक धरायला तूच तर असायचीस.

म्हणूनच, तू सुमितशी लग्नाचं काढलंस त्या संध्याकाळी माझं डोकं फिरलं. एका दिवसात तीन मोटरी गेल्या होत्या, जेवण झालं होतं, मी खुशीत होतो. ती वेळ तू बरोबर हेरलीस आणि समोर कागद ठेवलास. सुमितचं शिक्षण, नोकरी, शहागडची साडेचार एकर, आणि त्याच्या आजोबांची मेंढरं होती हेसुद्धा, मी विचारायच्या आत. एक मुद्दा सुटला नव्हता. मी ओरडलो, "मला गिऱ्हाईक समजतेस काय?" खरं सांगू? वाचताना मनात पहिलं हेच आलं होतं, की पोरीनं तयारी पक्की केली. ते बोललो नाही. मेंढरांवर बोट ठेवून जे बोललो, ते तुला पाठ असेल. मलाही आहे.

लग्नाला आलो नाही. मग तुला मुलगी झाली. तुझी आई त्याच दिवशी निघाली, मी म्हणालो, तिसऱ्या दिवशी येतो. आलोही होतो, हे तुला कुणी सांगितलं नसेल, कारण कुणालाच माहीत नाही. अंबडच्या दवाखान्यासमोर, रस्त्याच्या पलीकडे पावणेदोन तास उभा होतो. पिशवीत नारळ, दोन झबली, काजळाची डबी. दारात तुझे सासरे पेढे वाटत होते, सगळे हसत होते. वाटलं, माझं तोंड दिसलं की हे हसू जाईल. आज ती वेळ नव्हे, असं स्वतःला सांगून परत फिरलो. बारशालाही तेच. तुझी आई म्हणाली, "आवो, नातीला पाह्याला चाललात का मोटर इकायला? कायची येळ पाहून राह्यले?" राजनंदिनी आता चालते म्हणे. झबली पिशवीतच आहेत. तिला बिलकुल बसणार नाहीत. मापाचा माणूस मी, एवढं न बघताही कळतं.

मंगळवारी तुमच्या विहिरीला पाणी लागलं, त्रेचाळीस फुटांवर. आईनं सांगितलं. आज तिसरा दिवस. मोटर विकायला आलेलो नाही, वही घरी ठेवलीय. आईला पुढं पाठवतोय, मी शहागडच्या फाट्यावर रसवंतीच्या बाकावर बसलोय. हे पत्र तिच्याच हाती देतोय. इथून तुझं घर सातशे पावलं, असं ती म्हणते. एवढ्या लोकांच्या दारात गेलो, पण तुझ्या दारात पहिलं वाक्य कोणतं बोलायचं, याची तयारी चौदा महिन्यांत जमली नाही. आता तूच वेळ सांग. आज नको असेल तर तसंही सांग, मी राग धरणार नाही. जालन्याची गाडी चारला आहे, दुसरी साडेपाचला. त्यानंतरची मी विचारून ठेवलेली नाही.

तुझाच, फाट्यावर बसलेला,
आण्णा