पिवळ्या साडीतली बाई

१८ नोव्हेंबर १९८९, शनिवार
नाशिक रोड

जाहिरातीचा कागद दिवसभर खिशात. मुंबईजवळ खाडीपलीकडे पाळण्यांचं भलं मोठं पार्क झालंय म्हणे, होडीतून जायचं. चित्रात अगदी वरच्या पाळण्यात पिवळ्या साडीतली एक बाई हात वर करून हसते आहे. तिला तिथून समुद्र दिसत असेल का? डोळे मिटले की पाळणा वर जाऊन थांबतो, आणि तिच्या जागी आई बसलेली.

मी एवढा भटकतो, पण दरवेळी एकटाच. या वेळी आईला न्यायचंच. संध्याकाळी ती तांदूळ निवडत बसली होती, तेव्हा विचारलं.

"देव कोणता हाय तिथं?"

"देव नाही गं. नुसती मजा."

"नुसत्या मजेसाठी एवढं लांब? आन परत आल्यावर शेजारणी प्रसाद मागतील, त्यांच्या हातावर काय ठेवू?"

खरंच, लग्न, मयत नाहीतर देव, याशिवाय ही कुठे गेलीच नाही. आणि मी इतक्यांदा गेलो, मला कधी कुणी प्रसाद मागितला? असो, भलतीकडेच चाललो.

कागद तिच्यापुढे ठेवून पाणी प्यायला उठलो. परत आलो तर ती तो दिव्याखाली धरून त्या पिवळ्या साडीकडेच बघत होती. वाटलं, आता नाही म्हणणार. पुन्हा एकटंच जायचं.

"काय रे," ती हळूच म्हणाली, "पाळण्यात बसताना चपला काढायच्या का?"