मरणकट्टेवालीचं मृत्युपत्र

मी, या कागदाच्या शेवटी सही करणारी, वय सत्तरीपार, धंदा गाद्या-उशा शिवण्याचा, हे मृत्युपत्र राजीखुशीने करीत आहे. डोकं ठिकाणावर आहे. शरीर नाही, पण कायद्याला त्याची गरज नसते असं वकीलबाई म्हणाल्या. माझ्यावर कोणी दबाव आणलेला नाही. उलट हा कागद होऊ नये म्हणूनच घरात धडपड चालू आहे. मसुदा वकीलबाईंनी केला. त्यातली भाषा जिथे टोचली तिथे मी माझ्या हाताने सैल केली आहे.

कलम १. दुकानाच्या वरच्या दोन खोल्या मुलाला आणि सुनेला मिळून द्याव्यात. सुनेचं नाव आधी लिहावं, कारण नळ गळायला लागला की माणूस तीच बोलावते. बँकेत जे काही आहे ते नातीच्या शिक्षणासाठी. त्यावर जास्त लिहावं इतकं ते नाही.

कलम २. खालचं दुकान मुलाचं, पण एका अटीवर. दर रविवारी दुपारी तिथे मरणकट्टा भरला पाहिजे, आणि तो मुलाने चालवला पाहिजे.

हे नाव मी ठेवलेलं नाही. केस कापणाऱ्या काकांनी थट्टेत ठेवलं आणि ते चिकटलं. विकायच्या गाद्यांची थप्पी असते, तिच्यावर लोक येऊन बसतात आणि मरणावर बोलतात. स्वतःच्या, दुसऱ्याच्या, होऊन गेलेल्या, व्हायच्या. फी नाही, भाषण नाही, चहा आहे. नियम दोनच. ‘गेला’, ‘सुटला’ असं म्हणायचं नाही, ‘मेला’ म्हणायचं. आणि कोणी रडायला लागलं तर त्याला धीर धर म्हणायचं नाही, कारण धीर धरून धरून दमल्यावरच माणसं आमच्याकडे येतात. समोरच्या भांडीवाल्याने माझ्या गिऱ्हाइकांना सांगून ठेवलं होतं की या बाईच्या गाद्यांना मरणाचा वास येतो. त्याला थप्पीवरची सगळ्यांत वरची गादी फुकट द्यावी. सगळ्यांनी बसून बसून ती छान मऊ केली आहे.

कलम ३. कट्टा का सुरू केला हे मुलाने मला कधी विचारलं नाही, म्हणून इथे लिहिते.

माझी थोरली ऐन पंचविशीत आजारी पडली. डॉक्टरांनी ह्यांना बाजूला घेऊन खरं काय ते सांगितलं आणि ह्यांनी घरी येऊन सगळ्यांना ताकीद दिली, पोरीला कळता कामा नये. मग नाटक सुरू झालं. ह्यांनी तिच्या पुढच्या संसारासाठी गादी शिवायला घेतली. चांगल्यातलं चांगलं कापड आणलं, निवडून निवडून कापूस भरला. थोरली उशीला टेकून बघत बसायची, रंग छान आहे म्हणायची. एकदा तिने मला विचारलं, “आई, मी बरी होत नाहीये ना?” मी तोंड उघडलं, तेवढ्यात माझ्या वन्सं, म्हणजे ह्यांच्या थोरल्या बहीण, मध्ये पडल्या. असं अभद्र बोलू नये, बाळा, म्हणाल्या. थोरलीने पुन्हा विचारलं नाही.

ती मेल्यावर बऱ्याच महिन्यांनी तिची रात्रपाळीची सिस्टर दुकानात उशी घ्यायला आली. तिच्याकडून मला कळलं की थोरली तिच्याशी सगळं बोलायची, भीती वाटते म्हणायची. आणि तिने सिस्टरला बजावलं होतं, “मला सगळं माहीत आहे, हे घरच्यांना कळू देऊ नका. आई कोलमडेल.” म्हणजे आम्ही तिला सांभाळत होतो असं आम्हाला वाटत होतं, आणि माझी पोर आम्हाला सांभाळत मेली. त्या दिवशी मी सिस्टरला जाऊ दिलं नाही. दुकानाचं दार लोटून घेतलं आणि आम्ही दोघी थप्पीवर बसून बोललो. तो पहिला कट्टा.

थोरलीसाठी शिवलेली ती गादी थप्पीच्या तळाशी आहे. ती विकू नये. माझं उठणं-बसणं बंद झालं की मला तिच्यावर झोपवावं. नंतर मोडून कापूस कोणाला हवा असेल तर द्यावा.

कलम ४. वन्संना काही द्यायचं नाही, हे मी वर्षानुवर्षं मनात घोटून ठेवलं होतं. पण गेल्या थंडीत त्या उशी बदलून घ्यायच्या निमित्ताने नेमक्या रविवारी आल्या आणि दाराजवळ बसून राहिल्या. सगळे उठल्यावर म्हणाल्या, “वहिनी, मी तिला बोलू दिलं नाही.” माफ केलं असं इथे लिहिणार नाही, कारण केलेलं नाही. माझी पाठ टेकायची खुर्ची मात्र त्यांना द्यावी. त्यांचे गुडघे गेले आहेत, थप्पीवर बसवत नाही.

कलम ५. शिलाई मशीन सुनेला. मोठी कात्री केस कापणाऱ्या काकांना, पण तिने केस कापू नयेत. गादीची लांब सुई मुलाला.

या सुईचं काम एकट्याने होत नाही. गादी कडेवर उभी करायची, एकाने अलीकडे बसायचं, एकाने पलीकडे. इकडून टोचायची, तिकडच्याने ओढून घ्यायची आणि परत पाठवायची. मध्ये भरलेली गादी असल्यामुळे समोरच्याचं तोंड दिसत नाही. कट्ट्यावर ज्याच्या घशातून शब्द निघत नसे त्याला मी टाके घालायला पलीकडे बसवत असे. भलेभले तिथे बोलते झाले.

कलम ६. मुलाविषयी.

मला काय झालं आहे ते डॉक्टरांनी त्याला दाराबाहेर नेऊन सांगितलं. दुसऱ्या दिवशी मी एकटी जाऊन त्यांना विचारून आले. तेव्हापासून तो मला औषध शक्तीचं म्हणून देतो, पुढच्या उन्हाळ्यात समुद्रावर नेतो म्हणतो, माझ्या खोलीला त्याने नवा रंग दिला. मी काही बोलायला लागले की त्याला खाली दुकानात काम आठवतं. अगदी बापावर गेला आहे. आणि मी थोरलीच्या जागी येऊन पडले आहे, त्याच घरात, रंग छान आहे म्हणत. मला हे सहन होत नाही. एक लेक माझ्याशी न बोलता मेली. आता मी मुलाशी न बोलता मरेन, याची मला मरणापेक्षा जास्त भीती वाटते.

इथवर लिहून झालं होतं. सहीच्या आदल्या दिवशी एक गादी तातडीने द्यायची होती आणि माझे हात चालत नव्हते, म्हणून मी मुलाला पलीकडे बसवलं. सुई टोचली आणि म्हणाले, “मी मरणार आहे. मला माहीत आहे आणि तुलाही माहीत आहे.”

सुई परत आली नाही. पलीकडून तो बोलायला लागला. ताई मेली तेव्हा तो शाळेत होता. घरी आला तर पलंग रिकामा, आणि त्याला सांगण्यात आलं की ताई गावाला गेली. तो रोज शाळा सुटल्यावर बस थांबते तिथे जाऊन उभा राहायचा. हे मला आजवर माहीत नव्हतं. मग म्हणाला, “आई, काही वाईट झालं की मी पहिलं तुला येऊन सांगतो. तू मेलीस, हे मी कोणाला सांगू?”

लोक म्हणतात, या बाईला मरणावरचं सगळं बोलता येतं. मी मात्र गादीला कपाळ टेकून रडले. पलीकडे तोही रडत होता, लहानपणी रडायचा तसा, श्वास अडकत.

कलम ७. कलम २ मधली अट मी मागे घेते. कट्टा मुलाने चालवायचा नाही. सिस्टरने चालवावा, ती कबूल आहे. मुलाने फक्त दुकान उघडून द्यावं आणि वाटलं तर बसावं. मी मेले हे त्याला कोणाला तरी सांगावं लागेल, तेव्हा तिथे माणसं असावीत, एवढीच माझी इच्छा आहे.

वरील मजकूर मी वाचला, मला मान्य आहे, आणि खालील दोघांच्या देखत सही केली.

साक्षीदार पहिली: सिस्टर. सही.
साक्षीदार दुसरे: केस कापणारे काका. सही. यांना कात्री मिळते म्हणून वकीलबाईंनी हरकत घेतली, तेव्हा काकांनी कात्री सोडली. ती सुनेला.

ठिकाण: गादीचं दुकान. दिवस: रविवार.

ज्याला मिळतं त्याने साक्षीदार होऊ नये असं वकीलबाईंनी सांगितलं, म्हणून माझ्या मुलाची यावर सही नाही. तो इथेच आहे. मी सही करताना माझा हात त्याने धरला होता.