अणुवीज केंद्राची तपासणी आणि माझी बढती

२ मार्च, सोमवार
नोटीस लागली. सतरा तारखेला केंद्राच्या सुरक्षेची तपासणी. दर दोन वर्षांनी राजधानीतून तिघं येतात. कुंपण, कॅमेरे, गेट, माणसं, सगळं बघतात. सुरक्षाप्रमुख बेर्मूदेस जूनमध्ये रिटायर होतायत. त्यांच्या खुर्चीसाठी मी, अन्सेल्मो बुस्तोस, एकोणीस वर्षं उपप्रमुख. दुसरं आहेच कोण?
संकल्प: नियमपुस्तकाची रोज वीस पानं. आज अनुक्रमणिका पाहिली. बरीचशी ओळखीची वाटली.

४ मार्च, बुधवार
पुस्तकावर माते चहा सांडला. अकरावं पान वाळत घातलंय. ते वाळल्याशिवाय बारावं वाचणं बरोबर नाही.

६ मार्च, शुक्रवार
गेटवरच्या लोकांना लेक्चर दिलं. पास नाही तर प्रवेश नाही, मग तो देशाचा राष्ट्रपती असो. सगळे भारावले. दोघांनी तर डोळे मिटून ऐकलं. मुख्य गेटवरची त्रान्सितो लेदेस्मा मात्र वहीत उतरवून घेत होती. पन्नाशीची बाई, कामाला चोख, पण स्वतःचं डोकं म्हणून नाही. अशी माणसं गेटवरच राहतात.

१२ मार्च, गुरुवार
निळा कोट शिवून आला. बायको, नेलिदा, म्हणाली, "अरे, खुर्ची मिळायच्या आधीच कोट?" मी म्हणालो, प्रमुख दिसला की लोक प्रमुख मानतात. ती म्हणाली, "मग पोटही आत घेऊन बस." बायकांना प्रशासन कळत नाही.
संकल्प: उद्यापासून पळणे.

१३ मार्च, शुक्रवार
पळण्याचे बूट सापडले नाहीत.

१७ मार्च, मंगळवार, दुपारी
घाईत लिहितोय. आठ वाजता तपासनिसांसमोर माझं भाषण होतं. पावणेआठला गेटवर पोचलो. पास जुन्या कोटात.
त्रान्सितो म्हणाली, "पास दाखवा."
मी विचारलं, मला ओळखत नाहीस?
"चांगली ओळखते, साहेब. पास दाखवा."
म्हटलं, आत तिघं माझी वाट बघतायत. ती म्हणाली, मग त्यांनाही थांबावं लागेल.
घरी जाऊन यायला चाळीस मिनिटं. इतक्यात कँटीनची पावाची गाडी आली. ड्रायव्हर ओळखीचा. मी मागे बसलो आणि अंगावर फडकं ओढून घेतलं. हा निर्णय मी थंड डोक्याने घेतला, हे नमूद करतो.
त्रान्सितोने फडकं उचललं. तिने आधी पाव मोजले म्हणे, मग मला. भोंगा वाजला. सगळी गेटं बंद. सकाळच्या पाळीच्या तीन बसगाड्या बाहेर अडकल्या आणि खिडक्यांतून लोक माझे फोटो काढत होते. तपासनीस स्वतः धावत आले. माझ्या कोटाला साखर लागली होती.

१७ मार्च, सायंकाळी
सावरून घेतलं. केंद्राच्या संचालक, इंजिनिअर सुबेल्दिया बाई, यांना सांगितलं की ही चाचणी मीच आखली होती. तपासनिसांच्या प्रमुख इतुर्बे बाईंनी शांतपणे विचारलं, "चाचणीचा लेखी आदेश?" म्हणालो, गुप्त होती, म्हणून लिहिली नाही. सुबेल्दिया बाई खिडकीकडे तोंड करून उभ्या राहिल्या. त्यांचे खांदे हलत होते. भावनावश झाल्या असाव्यात.

२७ मार्च, शुक्रवार
अहवाल आला. अडीच पानं फक्त माझ्यावर. बाकी कुणावर अर्धं पानसुद्धा नाही. मथळा: 'आतल्या जबाबदार व्यक्तीकडून घुसखोरीचा प्रयत्न'. 'जबाबदार' हा शब्द मी अधोरेखित केला. त्रान्सितोबद्दल चारच ओळी, स्तुतीच्या. मी तिचं अभिनंदन केलं. म्हटलं, माझ्या लेक्चरचं चीज केलंस. ती म्हणाली, "हो साहेब, लिहून घेतलं होतं ना."

१२ जून, शुक्रवार
नवी सुरक्षाप्रमुख त्रान्सितो लेदेस्मा.
सुबेल्दिया बाईंचा नाइलाज झाला असेल. वरून दबाव.
 नेलिदाने माझ्या आवडीच्या भोपळ्याच्या एम्पानादा, म्हणजे तिखट करंज्या, केल्या आणि शेवटची मला दिली.

१ जुलै, बुधवार
त्रान्सितोने केबिनमध्ये बोलावलं. मला वाटलं, सल्लागार नेमणार. तिने खुर्ची दिली, स्वतः माते ओतला आणि म्हणाली, "साहेब, नदीकडचं बाहेरचं गेट तुम्हीच सांभाळा. तिकडे अनुभवी माणूस हवा."
म्हणजे नदीची अख्खी आघाडी माझी. आमच्याकडे जुलै म्हणजे ऐन थंडी, पण पद महत्त्वाचं.
दुपारी पहिला प्रसंग. आठ कार्पिंचो नदीतून वर आले. डुकराएवढे उंदीर. मी हात पुढे करून थांबा म्हणालो. सात जण शांतपणे आत गेले. आठवा माझ्या बुटांवर झोपला.
वायरलेसवरून त्रान्सितोला कळवलं की परिस्थिती पूर्णपणे माझ्या ताब्यात आहे.
ती म्हणाली, "छान. आता गेट लावून घ्या."