मोहाची बाटली

उस्मानपुरा, औरंगाबाद
१८ डिसेंबर २००५

ती. आवडाअक्कास बद्रीनाथचा सा. न. वि. वि.

वेरूळच्या जीपवाल्याकडे कॅन दिला आहे, पोचल्याचं कळव. मोह, करंज आणि करडई अशा तिन्ही तेलांचं बायोडिझेल कॉलेजच्या प्रयोगशाळेत करून पाहिलं. मोहाचं चांगलं पेट घेतं आणि ठेवलं तरी बिघडत नाही. करडईचं पातळ असतं, पण हवा लागली की महिन्याभरात चिकट होतं. करंजाचं दोहोंच्या मधलं. म्हणून मोहाचं पाठवतो आहे.

पण अक्का, भोगीला या तेलावर चक्कीचं इंजिन चाललं नाही तर किल्ली दिराच्या हाती देईन, असा शब्द तू का दिलास? ते नानासाहेब तर इंजिन विकायला गिऱ्हाईक शोधून बसलेत. दाजींच्या मागं ती चक्कीच तुझा आधार. वर्गात माझं चुकलं तर फळा पुसता येतो, इथं तसं नाही.

भाच्यांना गोड पापा. धाकट्यावर माया राहू दे.
तुझा बद्री


वेरूळ
२९ डिसेंबर

चि. बद्रीनाथास आवडाअक्काचे अनेक आशीर्वाद.

कॅन पोचला. दुपारी इंजिन लई छान चाललं, धूरही कमी. मी गावभर सांगत सुटले. दुसऱ्या दिवशी पहाटे चालू करायला गेले, तर ते काही केल्या दाद देईना. कॅन उघडून बघते, तर आत तुपासारखं थिजलेलं. नानासाहेब तिथंच उभे. म्हणाले, “वहिनी, हे इंजिनात घालायचं का पोळीवर?” हसू मलाही आलं, तेच वाईट झालं.

वीज पहाटे गेली की दुपारपर्यंत येत नाय. भोगीच्या सकाळी सगळ्या गावाला बाजरीचं पीठ लागतं. त्या दिवशी चक्की बंद राहिली तर गिऱ्हाईक खुलताबादला जाईल, आणि किल्लीही जाईल. वर नानासाहेबांनी बांधावरचे करंज तोडायला माणूस सांगून ठेवलाय. चक्कीच राहणार नाय तर बिया कुणाला, म्हणतात.

स्वतःला दोष देत बसू नको, ते तुला फार आवडतं. उपाय कळव. घरात सगळ्यांना जप.
अक्का


उस्मानपुरा
५ जानेवारी २००६

ती. अक्कास सा. न. वि. वि.

दोष देऊन झाला, आता उपाय. मी तेल तपासलं ते दुपारी, उबदार खोलीत. तुझ्या चक्कीतली पहाट माझ्या डोक्यातच आली नाही. या वेळी तिन्ही बाटल्या घरच्या फ्रिजमध्ये ठेवल्या. तुझ्या भावजयीनं, उमानं, दूध शेजारी नेऊन ठेवलं आणि मला काय काय बोलली ते इथं लिहीत नाही. मोह आधी थिजला. मग करंजावर धुकं धरलं. करडई सकाळपर्यंत निवळ राहिली.

म्हणून करंज आणि करडई एकत्र करून, त्याचा एक हिस्सा आणि साध्या डिझेलचे चार, असं मिश्रण पाठवतो आहे. ते थंडीत वाहतं राहिलं. आधी टाकी आणि गाळणी धुऊन घे. इंजिन निव्वळ झाडांच्या तेलावर चालेल असं मी म्हणालो होतो, ते आज तरी खरं नाही. भोगीला नुसतं डिझेल घातलंस तरी कुणाला कळणार नाही. तसं सुचवताना मलाच बरं वाटत नाही, म्हणून निर्णय तुझा.

रागावलीस तरी पत्र टाकत राहा.
बद्री


वेरूळ
१६ जानेवारी

चि. बद्रीनाथास अनेक आशीर्वाद. उमाच्या दुधाची भरपाई तूच कर.

भोगीला हात गारठले होते. रांगेतल्या बायांना मी आधीच सांगितलं, पाचात एक हिस्सा आपल्या झाडांचा, बाकी डिझेल. खोटं बोलून जिंकले असते तर किल्ली माझ्याकडं राहूनही माझी राहिली नसती. हँडल फिरवलं. पहिल्यांदा नाय. दुसऱ्यांदा खोकलं, आणि मग असं धरलं की दुपारी वीज येईस्तोवर थांबलं नाय. धुराला तळणाचा वास. मागून साळूबाई म्हणाली, “आवडाबाई, पीठ राहू दे, भजी किती झाली?”

नानासाहेब घोंगडी पांघरून उभेच होते, बंद पडायची वाट बघत. शेवटी जाऊबाईंनी बाजरीचा डबा आणून नवऱ्याच्याच हातात दिला आणि त्यांना रांगेत उभं केलं. पीठ घेऊन जाताना किल्लीचं नाव न काढता म्हणाले, बाकीचे चार हिस्से कधी? मी म्हटलं, करंज उभे राहिले तर. करंज तोडणारा माणूस संक्रांतीला आला होता, त्यांनी तिळगूळ देऊन परत पाठवला.

उरलेला मोह मी बाटलीत भरून चक्कीच्या फळीवर ठेवलाय. उन्हं वर आली की वितळतो, सांजेला पुन्हा थिजतो. नानासाहेबांचंही तसंच आहे. सध्या उन्हं आहेत, तोवर करंजाच्या बिया वेचून घेते.

सोबत भोगीचं पीठ पाठवलंय. भाकरी खा आणि मग लिही.
तुझी अक्का