माझ्या हिरड्यांविरुद्धचा कट

३ फेब्रुवारी
दातांना तारा बसवून आज सात महिने. डॉ. निदियाबाईंनी तोंड उघडायला लावलं आणि भुवया चढवल्या. हिरड्या सुजल्यात म्हणे. घासता का नीट, म्हणे. बावन्नाव्या वर्षी हे ऐकायचं! महिनाअखेर सूज उतरली नाही तर तारा काढून टाकीन, दात किडवायला मी तारा बसवत नाही, असंही सुनावलं.

जूनमध्ये पाओलाचं लग्न. पुढच्या दातांतली फट तोवर बुजायलाच हवी. आजवरच्या प्रत्येक फोटोत मी तोंड मिटून उभा आहे. लेकीच्या लग्नात मला दात दाखवून हसायचंय.

संकल्प: दिवसातून तीनदा ब्रश. तारांखालून तो बारका ब्रश. झोपण्यापूर्वी दातांच्या फटींतून दोरा.

तारांवरच्या रबरी कड्या बदलताना बाईंनी निळ्या पुढे केल्या. निळा रंग बोगोताच्या फुटबॉल संघाचा! मी इबागेचा माणूस. आमच्या संघाच्या गर्द लाल मागून घेतल्या. बाई कुणाच्या बाजूच्या आहेत ते लक्षात आलं.

४ फेब्रुवारी, सकाळी
घासलं. रक्त आलं. ब्रश लावेपर्यंत नव्हतं, लावल्यावर आलं. नोटरीच्या ऑफिसात अठ्ठावीस वर्षं खोट्या सह्या पकडतोय, एवढं मला कळतं. ब्रश बाईंनीच दिलेला होता.

दुपारी
बाईंना फोन. म्हणाल्या, घासत नाही म्हणूनच रक्त येतंय, आठवडाभर हळूहळू घासत राहा, आपोआप थांबेल. म्हणजे जखमेवर आणखी जखम. डाव ओळखला. हिरड्यांना पूर्ण विश्रांती देणार. फक्त चूळ.

७ फेब्रुवारी
जेवण झालं की अख्खं ऑफिस ब्रश घेऊन बेसिनपाशी रांगेत. न घासता टेबलाशी बसलं तर लोक वास आल्यासारखे बघतात. म्हणून मीही रांगेत उभा राहतो. फळीवरच्या ग्लासातला माझा ब्रश तिथेच राहू देतो आणि चूळ भरतो. जोरात, सगळ्यांना ऐकू जाईल अशी. शेजारच्या टेबलावरची योलिमा आरशातून बघत होती. कशाला?

११ फेब्रुवारी
माझ्या ब्रशची दांडी आज उजवीकडे कललेली. काल डावीकडे होती. कुणीतरी वापरतंय! सुजेचं मूळ सापडलं.

सापळा लावला. ब्रशच्या केसांभोवती पांढरा दोरा, वर माझी गाठ.

१९ फेब्रुवारी
आठ दिवस झाले, दोरा जागच्या जागी. गाठ शाबूत. चोर टरकला.

योलिमाने विचारलं, काका, ब्रशला तर दोरा बांधलाय, मग तुम्ही घासता कशानं? मी म्हटलं, घरी घासतो. तिला एवढी चौकशी कशाला हवी? नाव टिपून ठेवलंय.

(घरचा ब्रश कुठे ठेवलाय ते बघायला हवं.)

२२ फेब्रुवारी
पाओलाच्या होणाऱ्या सासरी जेवण. लेचोना केली होती, म्हणजे मसाला भरून भाजलेलं अख्खं डुक्कर. त्यातली डुकराची भाजलेली कुरकुरीत साल ताटात आल्यावर नाही कसं म्हणणार? दुसऱ्या तुकड्याला, तार धरून ठेवणारी दातावरची एक चकती निखळून भातात पडली. गोंद हलक्या प्रतीचा. पाओला कानात म्हणाली, बाबा, कडक खायचं नाही असं सांगितलंय ना? तिला कुणी सांगितलं? तिचं आणि बाईंचं फोनवर बोलणं चालतं, नक्की.

२८ फेब्रुवारी
सकाळी पाऊण तास घासलं. मिठानेसुद्धा. महिन्याची कसर एका सकाळीत भरून काढली.

बाईंनी दातांना कसलंसं औषध लावलं. मळ असेल तिथे जांभळं होतं म्हणे. माझं सगळं तोंड जांभळं. मी म्हटलं, ते कशालाही लागलं तरी जांभळंच होणार. त्यांनी स्वतःच्या दातांना लावून दाखवलं. पांढरेच राहिले. बाटली कधी बदलली ते मला दिसलं नाही, हात फार चलाख.

मग चिमट्याने मागच्या तारेतून कोथिंबीर काढली. मी म्हटलं, ही आत्ताची, नाश्त्याची. त्या म्हणाल्या, एव्हेलिओकाका, गेल्या खेपेला मी हिचा फोटो काढून ठेवलाय. दाखवला. तीच होती.

तारा काढल्या. मी म्हटलं, जूनपर्यंत तरी थांबा, लेकीचं लग्न आहे. त्या म्हणाल्या, मलाही वाईट वाटतंय, पण आणखी चार महिन्यांत फट बुजेल आणि दात हलायला लागतील. सहा महिन्यांनी बघू.

८ मार्च
नवा ब्रश. दिवसातून तीनदा, रांगेत, सगळ्यांसमोर. पहिले चार दिवस रक्त. मग थोडं थोडं. आज थुंकलो ते पांढरंशुभ्र. माझा विश्वास बसेना, म्हणून योलिमाला बोलावून दाखवलं. तिने नाक मुरडलं, पण वाकून पाहिलं. पांढरंच आहे हो काका, म्हणाली.

आठच दिवस लागले.

फट थोडी कमी झाली होती, ती परत वाढतेय. जीभ सारखी तिथेच जाते.

संध्याकाळी पाओलाचा फोन. फोटोग्राफर ठरला म्हणे, आनंदात होती. मी म्हटलं, मला मागच्या रांगेत उभं कर. ती म्हणाली, नवरीचा बाप मागे कसा उभा राहील? मी म्हटलं, मी उंच आहे ना, इतरांच्या आड यायला नको.

मी काही उंच नाही.